ट्विस्टच्या मुळाशी दोन

आज दिवसभर 'ट्विस्ट', म्हणजे पीळ, हा एकच इंग्रजी शब्द डोक्यात घोळतोय. शब्दकोशात 'ट्वाइन', म्हणजे सुतळी, बघायला गेले आणि तिथेच रमले. दोघांच्याही मुळाशी 'टू', म्हणजे दोन! जुन्या इंग्रजीत 'ट्वीन' म्हणजे दुपेडी सूत. 'ट्विन', 'बिट्वीन', 'ट्वेल्व्ह' ही सगळी त्याच घरातली भावंडं.

मग दोन पेडांच्या सुतळीचं टोक उकलून पाहिलं. प्रत्येक पेडाला एका दिशेचा पीळ, आणि पेड एकमेकांत वळलेत ते उलट दिशेने. दोन्ही पीळ सुटायला बघतात आणि एकमेकांनाच अडवून धरतात, म्हणून दोरी उलगडत नाही. किती सुंदर आहे हे!

जर्मन आणि डचमध्ये मात्र याच कुळातल्या शब्दाचा अर्थ भांडण. आणि संस्कृत 'द्वि'सुद्धा 'टू'चा सख्खा नातलग, हे तर मला फारच आवडलं.