तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या लांब, बोरिवलीत का?

लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभात, दादरला नाटकाच्या मध्यंतरात, हा प्रश्न ठरलेला. "बोरिवली? बाप रे! तिथे आहे तरी काय?" पूर्वी मी "नॅशनल पार्क" म्हणून सुटका करून घ्यायचे. हल्ली मात्र प्रश्नाला शेपूट असतं: "आमच्या गिरगावासारखा इतिहास नाही ना तिकडे, सगळं नवं नवं." त्या शेपटाला उत्तर द्यायला मध्यंतर पुरत नाही, म्हणून लिहिते.

आधी लांबचा निकाल लावू. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर माणसं मोजली गेली आणि मुंबई शहर जिल्ह्यात जेमतेम ३१ लाख. त्याआधीच्या दहा वर्षांत शहरातली माणसं चक्क कमी झाली होती. म्हणजे चार मुंबईकरांतले तीन तुमच्या हिशेबाने लांबच राहतात. आता लांब कोण, हे तुम्हीच ठरवा.

नवेपणाबद्दल सांगायचं तर कागदोपत्री तुमचं बरोबर आहे. बोरिवली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली १९५७ साली. पण हद्द ही महापालिकेची, गावाची नव्हे. मेट्रोने येता तेव्हा 'मंडपेश्वर' आणि 'एक्सर' अशी लागोपाठ दोन स्टेशनं लागतात. लोक मोबाइलमधून मान वर न काढता ती ओलांडतात. मी या दोन नावांपाशीच थांबणार आहे.

एक्सर हे जुनं गाव. तिथल्या वीरगळांची नोंद १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे: पुरुषभर उंचीहूनही मोठ्या सहा शिळा. वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. लढता लढता पडलेला वीर खाली, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा वर, शेवटी शिवलिंगाची पूजा. एक्सरला मात्र यांतल्या काही दगडांवर जहाजं आहेत. डोलकाठीची, एका ओळीत वल्ही मारणाऱ्या माणसांनी भरलेली, एकमेकांवर चालून जाणारी. समुद्रावरची लढाई दगडात कोरलेली अशी उदाहरणं आपल्याकडे फार थोडी. अनेक अभ्यासक या लढाईचा संबंध तेराव्या शतकात उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातल्या युद्धाशी जोडतात. यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने लिहून ठेवलंय की सोमेश्वर समुद्रात बुडाला. जिंकणाऱ्याच्या माणसाने लिहिलेलं आहे, तेव्हा त्यातला तोरा वजा करून वाचायचं. पण एका राज्याचा शेवट या किनाऱ्याच्या आसपास झाला आणि त्यात मेलेल्यांची नोंद आमच्या गल्लीत उभी आहे, एवढं धरलं तरी पुरे. दगडांना शेंदूर लागतो, हार पडतात. इतिहासाच्या प्राध्यापकांना ते बघवत नाही. मला वाटतं, शेंदूर होता म्हणूनच ते राहिले. देव समजले नसते तर कुणाच्या तरी पायरीखाली गेले असते.

मंडपेश्वरची गोष्ट वेगळी. शैव लेणं, आत नटराजाचं शिल्प. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचंच चर्च केलं आणि वरच्या अंगाला मठ बांधला. त्या इमारतीचे अवशेष अजून उभे आहेत, लेण्याच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रूसही आहे, आणि आत पिंडीची पूजा चालते. जवळच्या आय. सी. कॉलनीचं नाव तिथल्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून पडलं. महाशिवरात्रीला एका बाजूला रांग लागते, नाताळात दुसऱ्या बाजूला. यावर सलोख्याचं भाषण करायचा मोह मी टाळते. भांडणंही झाली असतील. पण पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीजवळ पोरं क्रिकेट खेळतात, हे नक्की.

एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात नसते. इंग्रजांना आंदण मिळाली ती मुंबईची बेटं. साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून वर आमच्यापर्यंतचा सगळा भाग, पोर्तुगीजांकडेच राहिला. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. म्हणजे पुढची पस्तीसेक वर्षं फोर्टात कंपनी सरकार आणि बोरिवलीत पेशवाई! १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी जिंकली, १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. माहीमची खाडी चालत ओलांडता यायला १८४५ उजाडावं लागलं, आणि त्या रस्त्याचे पैसे सरकारने नव्हे, अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिले. मग गाडी आली, १९२८च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावली. तिथून पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, तुमच्यातले निम्मे तीच लोकल पकडून घरी जातात.

नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांबद्दल थोडक्यात, कारण ती सहलीमुळे सगळ्यांना ठाऊक. कल्याण, सोपारा, नाशिकच्या माणसांनी दिलेल्या दानांचे शिलालेख तिथे आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी. जवळपास प्रत्येक लेण्यापाशी पावसाचं पाणी साठवणारी पोढी खोदलेली आहे. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो. यापुढे मी काही बोलत नाही.

आता मला खरं जे खुपतं ते सांगते. ही सगळी जुनी चिन्हं टिकली, कारण ती खडकात होती. जाणार आहे ते मधलं. माझे आईवडील गिरगावातल्या चाळीतून इथे आले, तेव्हा आजूबाजूला वाड्या होत्या, चिकू आणि आंब्याची झाडं, बैठी घरं, आणि त्यांच्यात उगवलेल्या बिनलिफ्टच्या चार मजली सोसायट्या. आईला पहिली काही वर्षं हा वनवास वाटला. संध्याकाळी रस्त्यावर माणूस नाही, शेजारी कोण ते माहीत नाही. मग हळदीकुंकू, गच्चीवरची कोजागिरी, भिशी असं करत करत त्या बायकांनी इमारतीची वस्ती केली. वाड्या गेल्या. आता त्या सोसायट्या चालल्या आहेत. आमचीही पुनर्विकासाला निघाली आहे: कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) किती वाढणार, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम) किती, भाडं किती, ओसी (नव्या घरात राहायचा परवाना) कधी. मी विरोधात नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाने चार जिने चढून यायचं, ही परंपरा जपण्यात मला काही गोडी नाही.

पण सोसायटीची सचिव म्हणून कपाट आवरताना जुनी मिनिटबुकं, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, हाती आली. पाणी पहाटे किती वाजता सोडायचं यावरून वाद. गच्चीवर टीव्हीचे अँटेना कुणी कुठे लावायचे याचा ठराव. मागच्या नाल्यातून साप येतात म्हणून महापालिकेला पत्र. अंगणातलं चिकूचं झाड पाडायचं का, यावर मतदान. झाड एका मताने वाचलं. २६ जुलै २००५ नंतरच्या सभेत एकच ओळ: तळमजल्यावरच्या सभासदांना वरच्या मजल्यांवरील सभासदांनी घरी घेतले, त्याबद्दल आभार. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला, हे सगळीकडे छापलेलं आहे. आभार कुणी कुणाचे मानले, ते फक्त या वहीत.

डेव्हलपरकडे ताबा देताना कागदपत्रांची यादी असते. हिशेब, सभासद नोंदवही, मंजूर नकाशे. जुनी मिनिटबुकं कुणाला नको असतात, ती रद्दीत जातात. मी आमची घरी आणली आहेत आणि शेजारच्या सोसायट्यांच्या सचिवांना फोन करत सुटले आहे. काहींनी दिली, काहींना वाटलं मी कुठल्या तरी केससाठी पुरावे गोळा करतेय.

तर बोरिवलीत काय आहे, ते बघायचं असेल तर या. सोमवार सोडून, त्या दिवशी पार्क आणि कान्हेरी बंद असतात. एक्सर स्टेशनला उतरा आणि गावठाणात शिरून कुणालाही विचारा; नकाशापेक्षा विचारलेलं बरं. जेवायला आमच्याकडे. लिफ्ट नाही, आणि तुमच्याही सोसायटीची जुनी मिनिटबुकं कपाटात पडली असतील तर येताना घेऊन या.