‘मनू’ या हाकेसाठी शोधलेले नाव

मुलगी झाली तर तिला ‘मनू’ म्हणायचे, हे मी लग्नाच्याही आधी ठरवून ठेवले होते. माझ्या आजीचे नाव मनोरमा. आजोबा तिला मनू म्हणत आणि ते गेल्यापासून घरात ती हाक कुणाच्याही तोंडून ऐकू आली नव्हती. त्यामुळे लेकीच्या जन्मानंतर आम्हांला हाकेवरून नाव शोधायचे होते.

मनोरमाच ठेवावे, असे मला फार वाटत होते. परंतु ‘सासूबाईंचे नाव घेऊन नातीला रागवायला माझी जीभ रेटणार नाही’ असे आईने सांगितले आणि मला ते पटले. नुसते मनू ठेवायला नवरा तयार होता. पदवीच्या कागदावर शोभेल असे भारदस्त नाव तिला असावे आणि मनू ही हाक त्या नावातूनच निघावी, हा आग्रह माझा होता.

झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका आणि तिलाही मनूच म्हणत, म्हणून सासऱ्यांना ते नाव पसंत होते. पण वडिलांचे नाव व आमचे लांबलचक आडनाव जोडल्यावर ते एका दमात म्हणता येईना. मनाली म्हटले की थंड हवेचे गाव आठवे. मनोज्ञा मात्र मनात घर करून राहिले, कारण मनाला भावणारी, सुंदर हा त्याचा अर्थ मला अतिशय आवडला होता. अडचण रोमन लिपीची होती. ‘ज्ञ’चा उच्चार आपण ‘द्न्य’ करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ करतात आणि संस्कृतच्या वळणाने लिहायचे तर ‘जे’ व ‘एन’ येतात. प्रत्येक कागदावर निराळे स्पेलिंग होण्याच्या धास्तीने, जड मनाने, मी ते सोडले.

पत्रिकेनुसार स्वाती नक्षत्राचा तिसरा चरण, म्हणजे अक्षर ‘रो’ आले. गुरुजींनी नावरस नाव रोहिणी लिहून, व्यवहारातले नाव आवडीचे ठेवावे, असे मोकळेपणाने सांगितले. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत नावाविना झालीच होती. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नोंदवता येते, हे कळल्यावर घाई उरली नाही आणि बारसे आम्ही पाचव्या आठवड्यात ठेवले.

मनस्विनी हे नाव नणंदेने सुचवले. खंबीर, मानी मनाची हा त्याचा अर्थ आम्हां सर्वांना भावला. बारशाला तिनेच पाळण्यात वाकून, हाताचा आडोसा करून बाळाच्या कानात ‘कुर्र’ केले, नाव सांगितले आणि बायकांचे धपाटे पाठीवर झेलले. घुगऱ्या वाटून झाल्यावर आजी उठून पाळण्यापाशी आली, तिने दोरी हातात घेतली आणि ‘मनू’ अशी हाक मारली, आजोबा मारत तशीच, शेवटचा ‘ऊ’ लांबवून.