फोंडा घाटातला फ्लॉवर

दाजीपूरचं जंगल सुरू झालं तेव्हापासून एक टेम्पो आमच्या पुढे लागला होता. मागची ताडपत्री फाटलेली, आणि त्या फटीतून फ्लॉवरचे गड्डे आमच्याकडे टकामका बघत होते. फोंडा घाटाच्या वळणांवर ओव्हरटेक करायची माझी छाती होत नाही, त्यामुळे घाट संपेपर्यंत आम्ही त्या फ्लॉवरचा वास घेत गेलो. खिडकी बंद करून एसी लावला तरी येत होता. बायको म्हणाली, "अरे, कोकणात भाजी घाटावरून जाते?" मी म्हटलं, जात असेल. विषय तिथे संपला.

रात्री साडेनऊला ताटात फ्लॉवर-बटाटा आला.

दिवाळीची सुट्टी होती. भाऊबीज आटोपून निघालो होतो. कुडाळहून काळसे, धामापूर, चौके करत मालवणला जो रस्ता जातो, त्या पट्ट्यात एका वाडीत घरगुती राहायची सोय मिळाली होती. गावाचं नाव देत नाही, कारण मी जे लिहिणार आहे ते त्या घरातल्या काकींना आवडेलच असं नाही. दिवसाचे अडीच हजार, दोन वेळचं जेवण वेगळं. खोली स्वच्छ, गादी मऊ, गीझर चालू. तक्रार राहण्याबद्दल नाहीच. तक्रार ताटाबद्दल: फ्लॉवर-बटाटा, पनीर मसाला, पिवळी डाळ, पांढरा बासमती आणि भाजलेला पापड. म्हणजे सातारा रोडवरच्या कुठल्याही हॉटेलात जे मिळतं ते, फक्त खोबरं जास्त. सोबत बाटलीतलं कोकम सरबत, जांभळ्या शाईच्या रंगाचं. अहो, रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, जिल्ह्यात! सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली, आणि इथे मला कारखान्याचं लेबल लावलेली बाटली.

पुढचे दोन दिवस तारकर्ली, किल्ला, गर्दी. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. किल्ल्यावर जायच्या होडीसाठी पाऊण तास उन्हात उभे होतो आणि पुढचा ग्रुप ब्लूटूथवर गाणी वाजवत होता, एवढं पुरे. धामापूरचं तळं मात्र बघा. 1530 सालचं आहे, नागेश देसाईंनी बांधलेलं. 2020 मध्ये सिंचनाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं. तळ्याकाठी भगवती देवीचं देऊळ आहे. पायऱ्यांवर बसलं की पाण्यापलीकडे माड-पोफळी दिसतात, आणि सेल्फीवाले निघून गेल्यावर जी शांतता पसरते ती खरी. जेवायला पुन्हा पनीर.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चिरंजीवांना गरम पाणी हवं म्हणून मी मागीलदारी गेलो. पडवीत काकी जेवायला बसल्या होत्या. शेजारी त्यांची नात, तिसरीतली असेल. दोघींच्या पुढे काशाच्या वाडग्यात उकड्या तांदळाची पेज, लालसर, वाफाळती. दुसऱ्या वाटीत कुळथाची पिठी, त्यावर लसणीची फोडणी अजून चुरचुरत होती. निखाऱ्यावर भाजलेलं सुकट, वर ओलं खोबरं आणि कच्चा कांदा. आणि एका ताटलीत एक फिकट हिरवी भाजी, तिच्यातही खोबरं. मी पातेलं हातात धरून उभाच राहिलो.

मला बघून काकी चक्क ओशाळल्या. वाडगा जरा मागे सरकवला. चोरी पकडल्यासारखा.

"ह्यां काय?" मी विचारलं. तीन दिवसांत एवढं मालवणी माझ्या तोंडात आलं होतं.

"पेज. आमची नेहमीची. तुमका ह्या वाढूक माका लाज वाटली. पुण्याच्या माणसांका पनीर लागता, असा माझो झील सांगता."

आता कबुली देतो. झिलाचं, म्हणजे काकींच्या मुलाचं, काही चुकलं नव्हतं. बुकिंगच्या वेळी फोनवर त्याने विचारलं होतं, जेवायला काय चालेल? मी म्हटलं होतं, मुलगा भाज्या खात नाही, पनीर मिळेल का? फ्लॉवर चालेल. अगदी हेच शब्द. ते पनीर बिचारा कुडाळहून बर्फात घालून आणत होता, आणि फ्लॉवर तर आमच्याच पुढे घाट उतरला होता. तीन दिवस मी ज्याच्या नावाने कुरकुरत होतो ते मीच मागवलेलं होतं.

"मला द्याल का जरा?" मी म्हटलं. त्यांना ते खरं वाटेना. शेवटी पाट आला, वाडगा आला. पेजेत मीठ स्वतःच्या हाताने घालायचं असतं हे मला नातीने शिकवलं. भाजी पडवळाची होती, मागच्या मांडवावरची, वेलीवरची शेवटची. तांदूळ वालय नावाच्या भाताचा. काकींचे भाताचे दोन कुणगे, म्हणजे छोटी खाचरं, आहेत, त्यातल्या एकात अजूनही हे जुनं लाल बी लावतात. उत्पन्न संकरित भातापेक्षा कमी येतं, पण पेज त्याचीच लागते आणि पेंढा उंच मिळतो. त्या पेंढ्यावर दोन गुरं जगतात, गुरांचं शेण शेणकीत, शेणकीतलं खत पुन्हा कुणग्यात. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर कुळीथ आणि चवळी टाकायची. त्यांना पाणी द्यावं लागत नाही, थंडीतल्या दवावर येतात. उलट त्यांच्या मुळांच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देऊन जातात. हे शेवटचं वाक्य माझं, शाळेत पाठ केलेलं. काकी एवढंच म्हणाल्या, "कुळथामागसून भात बरा येता."

त्या वर्षी परतीच्या पावसाने एक कुणगा आडवा केला होता. ओंब्यांना मोड आलेले मी स्वतः पाहिले. मला वाटलं, आता हे घर वर्षभर खाणार काय? पण वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या, जमिनीत नाचणी उभी होती. मांडवावरची दोडकी-पडवळं गणपतीपासून चालूच होती. पोफळीवर चढवलेल्या मिरवेलीला घोस धरले होते. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी. केळीच्या आडोशाला हळद, आलं, आणि मातीत दडलेलं सुरण. चार माड, एक रातांबा, दोन फणस, कुंपणाला शेवगा. हे सगळं मिळून किती, तर घराभोवतालची दहा-बारा गुंठे जागा! आपल्याला एक एकर सोयाबीन म्हटलं की शेत डोळ्यांसमोर येतं, ह्याला आपण परसबाग म्हणतो आणि पुढे जातो. शेजारच्या वाडीत हापूसची दीडशे कलमं आहेत. मोहराच्या दिवसांत एक अवकाळी पाऊस पडला की त्या घरात आठ दिवस कोणी धड बोलत नाही. काकींच्या घरात पाऊस पडला तर एक पीक जातं, बाकीची हातात असतात.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या वरच्या बाजूला, राखाडी ठिपक्यांची एक ओळ होती. मला वाटलं वाळवी. जवळ जाऊन पाहिलं तर तवशाच्या, म्हणजे मोठ्या गावठी काकडीच्या, बिया, राखेत कालवून भिंतीला थापलेल्या. धुराने कीड लागत नाही, जूनमध्ये नखाने खरवडून काढायच्या. आढ्याला मक्याची कणसं टांगलेली. भोपळ्याच्या बिया जुन्या बॉर्नव्हिटाच्या डब्यात. ही त्यांची बियाण्याची बँक. सगळं स्वतःचं नव्हे: पडवळाचं बी माहेरचं, वालीचं बी पलीकडच्या वाडीतल्या जावेकडून, बदल्यात तिला रातांबे. सुकट देणारी मासेवाली मालवणच्या बाजूची, पावसाआधी येते. पैसे घेतेच, पण दोन नारळ दिले की मूठभर सुकट जास्त घालते.

मी हरखून गेलो होतो, आणि असा हरखलेला शहरी माणूस फार धोकादायक असतो. मी म्हटलं, काकी, तुम्ही हेच सगळ्या पाहुण्यांना का देत नाही? पुण्यात नाचणीची बिस्किटं दीडशे रुपयांना पाव किलो जातात. संयुक्त राष्ट्रांनी 2019 ते 2028 हे दशक कुटुंबाच्या शेतीसाठी जाहीर केलंय, आणि 2023 तर भरडधान्यांचंच वर्ष होतं. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाचणी कापूक कोन येतलो? तुम्ही येशात?"

मग दुसरी बाजू कळली. वानर आधी खातात, उरतं ते यांचं. रात्री रानडुक्कर सुरण उकरतात. कापणीला गडी मिळत नाही. मोठा दीर मुंबईला, धाकटा ठाण्याला, आणि सातबाऱ्यावर तेवीस नावं. त्यामुळे कुणग्याला कुंपण घालायचं म्हटलं तरी कर्ज मिळत नाही, कारण सह्या गोळा करायला अर्धी मुंबई फिरावी लागेल. देशातले 86 टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले, असं 2015-16 ची कृषीगणना सांगते. काकी त्यातल्या नावापुरत्याही खातेदार नाहीत. नाव सासऱ्यांचं, ते जाऊन वीस वर्षं झाली. वरच्या अंगाला चार कुणगे पडीक दिसत होते. रान माजलेलं. ते मुंबईच्या दिरांचे. पूर्वी तिथे वरी व्हायची म्हणे.

ह्यानंतर चिरंजीव उठून पेज-पिठी मिटक्या मारत खाऊ लागले, असं लिहायचा मोह होतोय. तसं झालं नाही. त्याने पिठीत बोट बुडवलं, तोंड वेंगाडलं आणि मॅगी मागितली. काकींनी करून दिली. वर शेवग्याचा पाला टाकला होता, तो त्याने वेचून बाजूला काढला. नात त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला विसरता येणार नाही.

बुधवारी कुडाळच्या आठवडा बाजारात गेलो, ते मुद्दाम. ताडपत्रीखाली मोठी दुकानं: कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची, सगळा घाटावरचा माल, वजनकाट्यासकट. आणि त्यांच्या पायाशी, कडेला, पोतं अंथरून बसलेल्या बायका. एकीपुढे लाल माठाच्या सहा जुड्या, दुसरीपुढे दोन तवशी आणि भेंडीचे चार वाटे, तिसरीपुढे आमसुलं, सांडगी मिरची आणि कुळीथ. एका म्हाताऱ्या आजींपुढे तर फक्त लिंबं आणि हळदीच्या पानांची एक गुंडी. एवढं घेऊन त्या पहिल्या एसटीने आल्या होत्या. मी कुळीथ घेताना सवयीने म्हटलं, वीस रुपये कमी करा. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सकाळी काकींच्या पडवीत मी काय भाषण ठोकलं होतं ते तिने ऐकलं होतं. मी पूर्ण पैसे दिले, पण मनापासून नाही, हेही सांगून टाकतो.

त्यापुढचे दोन दिवस आम्ही दोघं पडवीत जेवलो, चिरंजीव टेबलावर. एकदा अळूचं फदफदं, एकदा चवळीच्या शेंगा. एकदा नाचणीची भाकरी आणि वर तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, ज्याने माझी जीभ दहा मिनिटं बधिर झाली. सरबताची बाटली टेबलावरून उठली आणि घरच्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, सोलकढी आली. निघायच्या आदल्या दिवशी धोंडस: जून तवसं किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, भांड्याच्या वर-खाली निखारे ठेवून भाजलेलं. त्याची खालची करपलेली कड कोणी खायची यावरून नवरा-बायकोत खरंच वाद झाला.

निघताना बिल आलं. नातीच्या वहीच्या मागच्या पानावर, झिलाच्या अक्षरात. खोलीचे दिवस, पनीर मसाला पाच प्लेट, फ्लॉवर तीन, चिकन, मॅगी दोन, पाण्याच्या बाटल्या. मी दोनदा वाचलं. पेज नाही, पिठी नाही, फदफदं नाही, तिखलं नाही, धोंडस नाही. विकत आणलेलं सगळं होतं, घरात पिकलेलं काहीच नव्हतं.

"काकी, हे अर्धंच बिल आहे."

"घरातल्या वस्तूचे पैशे कोन घेता?"

मी म्हटलं, भाताला कष्ट पडतात, कापायला माणूस मिळत नाही असं तुम्हीच सांगितलंत, मग हे फुकट कसं? बांगडे तर विकतचे होते! त्या जरा रागावल्याच. पडवीत बसून जेवलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं, आणि मी ते बसवायला निघालो होतो. झील मान खाली घालून मोबाइल बघत होता. मला वाटतं त्याला पैसे चालले असते.

बायकोने गाडीत बसताना नातीच्या हातात पाचशेची नोट कोंबली, खाऊला म्हणून. गाडी वळवून गडग्यापाशी आलो तोच ती धावत आली. खिडकीतून नोट आत टाकली, आणि बायकोच्या मांडीवर एक मोठं पिवळं पडलेलं तवसं ठेवलं.

"आजयेन परत दिल्यान," एवढं बोलून पळाली.

ते तवसं डिकीत ठेवलं. नीट अडकवून ठेवायला हवं होतं. फोंडा घाट चढताना प्रत्येक वळणाला ते इकडून तिकडे गडगडत जात होतं.