आधी मोजायचं, मग खोलायचं : आमच्या गॅरेजची वाटचाल

आमचं गॅरेज गोव्यातल्या डिचोलीत उभं राहिलं ते खाणींच्या जिवावर. सांखळी, पाळी, वेळगे, उसगाव या पट्ट्यात खनिजाचे टिपर दिवसभर धावायचे आणि खाणीवरचे सुपरवायझर, सर्व्हेअर फोर-बाय-फोर जीपमधून फिरायचे. टिपरची कामं करणारे पुष्कळ होते, म्हणून बाबांनी जीप धरल्या. लाल मातीने माखलेले युनिव्हर्सल जॉइंट धुऊन ग्रीस भरायचं, ट्रान्सफर केस खोलायची, पुढच्या अ‍ॅक्सलचे सील बदलायचे, हे मी आणि माझा धाकटा भाऊ शाळेत असल्यापासून बघत आलो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मधे थोड्या चालू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १५ मार्च २०१८ नंतर उत्खनन पुन्हा बंद पडलं. टिपर घरांसमोर उभे राहिले आणि आमच्या दारात येणाऱ्या जीपही आटल्या.

त्याच सुमारास वेगळ्या गाड्या येऊ लागल्या. २०१४ मध्ये आलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर, स्कोडाची यती, होंडाची जुनी सीआर-व्ही, सुझुकीची ग्रँड व्हिटारा. बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या. सत्तरी तालुक्यात बागायत असलेली माणसं या गाड्या घेतात, कारण पावसात माडा-पोफळीच्या कुळागरापर्यंतचा चढ साध्या गाडीला जमत नाही. यांची तक्रार घेऊन येणारा माणूस आधीच दोन-तीन ठिकाणी फिरून दमलेला असायचा आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळं कारण ऐकवलेलं असायचं. सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते एकच वाक्य : "कपलिंग गेलं, नवीन घालावं लागेल." कपलिंग म्हणजे मागची चाकं जोडणारा आणि सोडणारा भाग.

जीपमध्ये लिव्हर ओढली की पुढचा अ‍ॅक्सल लागतो, दोष हाताला कळतो. डस्टर, यती, सीआर-व्ही यांत पुढची चाकं ओढतात आणि गरज पडली तरच मागची जोडली जातात. डस्टर आणि यतीत तर ती गरज गाडीचा कॉम्प्युटर चारही चाकांच्या वेगावरून ठरवतो. म्हणून दोष एका कोपऱ्यात असतो आणि दिवा भलत्याच नावाने लागतो. हे पुन्हा पुन्हा पाहिल्यावर आम्ही भावांनी ठरवलं की दोषाचं निदान हे स्वतंत्र काम मानायचं, त्याची स्वतंत्र मजुरी घ्यायची आणि ती भिंतीवर लिहून ठेवायची. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकायचं. नुसतं बघायचे पैसे? पण निदानाची मजुरी मिळाली नाही की मेकॅनिकला पार्ट विकूनच पोट भरावं लागतं, आणि मग संशय आला की पार्ट बदल, असं चालू होतं. यात मेकॅनिकची नियत खोटी असतेच असं नाही. त्याचा दिवस असाच सुटतो.

पहिलं काम टायर मोजायचं. पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून माणूस पैसे वाचवायला फक्त पुढची जोडी नवीन घालतो. साध्या गाडीत ते खपून जातं. डस्टरचा २१५/६५ आर १६ टायर घ्या, नव्याचा परीघ साधारण २१५५ मिलिमीटर. त्यातले ५ मिलिमीटर रबर झिजलं की परीघ जवळपास ३ सेंटिमीटरने कमी होतो आणि मागचं चाक दर किलोमीटरला सहा-सात फेरे जास्त फिरतं. कपलिंग जोडलं गेलं की हा फरक त्याच्या आतल्या प्लेटा घासून भरून निघतो. घाटात ते तापतं, कॉम्प्युटर संरक्षणासाठी मागची चाकं सोडून देतो आणि दिवा लागतो. वाळपईहून आलेल्या एका गाडीला नव्या कपलिंगचा भरभक्कम अंदाज मिळाला होता. भावाने शिंप्याची टेप चारही टायरांभोवती फिरवली आणि आकडे खडूने टायरवरच लिहिले. मालकांनी ते वाचले, खाली बसून स्वतः परत मोजले. चारही टायर एकसारखे घातले, केरीहून चोर्ला घाट चढून आलो, दिवा लागला नाही.

टायर सारखे असतील तर कोरड्या सिमेंटवर स्टिअरिंग पूर्ण कापून सावकाश गोल फिरवतो. गाडी अडखळत, धक्के देत फिरली तर कपलिंग मोकळं होत नाहीये. डस्टरला टू-डब्ल्यूडी (फक्त पुढची चाकं), ऑटो आणि लॉक असा खटका आहे. टू-डब्ल्यूडीवर धक्के गेले तर शोध कपलिंगकडे वळतो. घूं आवाज मात्र टू-डब्ल्यूडीवरही राहतो, कारण मागे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट तेव्हाही फिरतच असतो. मग त्याचं सेंटर बेअरिंग बघायचं. सरळ रस्त्यावर डावी-उजवी झोल दिल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग.

सीआर-व्हीच्या मागच्या डिफमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात, दोन पंप आहेत, एक पुढच्या चाकांच्या वेगाने फिरतो, दुसरा मागच्या. पुढची चाकं घसरली की दाब वाढून क्लच पकडतो. तेल म्हातारं झालं की वळताना मागून गुरगुर येते. होंडाचं त्याच कामाचं तेल भरून आठाच्या आकड्यात गाडी फिरवली की बहुतेक वेळा ती जाते. तिथे साधं गिअर ऑइल चालत नाही. यतीच्या हॅल्डेक्स कपलिंगचं तेल आणि फिल्टर असंच सर्व्हिसमध्ये राहून जातं.

एक गाडी मी मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे आमची कामाची पद्धत पक्की झाली. एबीएस आणि फोर-बाय-फोर, दोन्ही दिवे लागलेले. मी विचारलं, "काका, शेवटचं काम कुठलं झालं?" म्हणाले, मागचं बेअरिंग बदललं, पण दिवे त्याच्या आधीचेच असतील. स्कॅनर लावून रस्त्यावर नेली. तीन चाकं ४० दाखवत होती, चौथं शून्य. या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, सेन्सर ती वाचतो. डोळ्याला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, पण कागदाची टाचणी जवळ नेली की चुंबकाच्या बाजूला ती हलकेच चिकटते. बेअरिंग उलटं बसलं होतं. काका त्या मेकॅनिकवर भडकले होते. मी त्याला फोन करून बोलावलं, टाचणी त्याच्याच हातात दिली. त्याने नवीन बेअरिंग स्वतःच्या खर्चाने आणलं, आम्ही प्रेसवर बसवून दिलं. आज तो अडलेली गाडी आमच्याकडे पाठवतो. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या मेकॅनिकला नावं ठेवायची नाहीत हा बाबांचा दंडक आम्ही तसाच ठेवला आहे.

पावसाळ्याचं काम निराळं. वाळवंटी नदीला पूर आला की लोक रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी घालतात. तापलेलं डिफ गार पाण्यात बुडलं की ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) पाणी आत खेचतं आणि तेल दुधाच्या चहासारखं होतं. तसंच चालवलं तर बेअरिंग गंजतात. किनाऱ्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने मागच्या चाकाजवळचे कनेक्टर हिरवे पडतात. वायर बाहेरून धड दिसते आणि आत भुगा झालेला असतो. मल्टिमीटर लावताना वायर हाताने हलवत राहायची, मगच आकडा तुटतो.

आता आमच्याकडे प्रत्येक गाडीचा कागद होतो : काय मोजलं, किती आलं, काय बदलायचं, काय अजून चालेल. काढलेला पार्ट खोक्यात घालून मालकाला देतो. खरंच कपलिंग गेलं असेल तर नव्याची आणि कुर्ल्याहून येणाऱ्या जुन्याची किंमत दोन्ही सांगतो, जुन्याला हमी नाही हेही लिहून देतो. कागद घेऊन काम दुसरीकडे करणारेही असतात. त्यांना आम्ही अडवत नाही, त्यांनी निदानाचे पैसे दिलेले असतात.

चवथीच्या आधी गर्दी उसळते, तेव्हा नीट मोजायला सवड मिळत नाही. म्हणून जुनी गाडी असेल तर मे महिन्यात आणा. येताना जुनी बिलं आणा, शेवटचं काम कोणी काय केलं ते न लपवता सांगा आणि गाडी सकाळी थंड असतानाच दारात लावा. पहिला आवाज आम्हाला थंड गाडीत ऐकायचा असतो.