फ्रिजच्या दारातली बाटली

गौरी गेल्या त्या रात्री भाच्याचा कान फुटला. दोन दिवस ठणका होता, रडून रडून पोरगं थकलं होतं. मग उशीवर पिवळा डाग पडला आणि ते शांत झोपलं. सकाळी सहाला वहिनीचा फोन, "ताई, लसणीचं तेल घालू का?" मी ओरडलेच. पडदा फुटलेल्या कानात तेल घालायचं नसतं. धावतपळत लोकमान्यनगरला पोचले, तर फ्रिजच्या दारात अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं सिरप, तळाशी बोटभर उरलेलं. थोरल्याच्या खोकल्यासाठी चिठ्ठीशिवाय आणलेलं. याच पावसाळ्यात अडीच वर्षांच्या या धाकट्यालाही दोनदा पाजून झालं होतं, नुसत्या सर्दीवर. सर्दी विषाणूंची, त्यांना या औषधानं काही होत नाही.

बारा वर्षं मी इथे इंदुरात लॅबमध्ये जंतू वाढवलेल्या प्लेटा वाचते. त्या सकाळी वहिनीला काही बोलले नाही, ती आधीच घाबरली होती. पण ही बाटली किती घरांत असते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

कानाच्या डॉक्टरांनी पू घेऊन पाठवला. मेंढीचं रक्त घातलेल्या प्लेटवर तो पसरून, डब्यात मेणबत्ती लावून झाकण घट्ट बसवलं. कान बिघडवणाऱ्या काही जंतूंना वाढायला कार्बन डायऑक्साइड लागतो. दुसऱ्या दिवशी बारीक चकचकीत ठिपके, भोवती हिरवट कडा, आणि प्रत्येकाच्या मधोमध खळगा, कॅरमच्या सोंगटीसारखा. न्यूमोकोकस, कान आणि फुफ्फुसं बिघडवणारा जंतू.

हा खळगा मी शिकाऊ मुलींना भिंगातून मुद्दाम दाखवते. मधले जुने जंतू आपल्याच एन्झाइमनं फुटून जातात, म्हणून तो पडतो. फुटले की त्यांचा डीएनए बाहेर सांडतो, आणि शेजारचे जिवंत जंतू त्याचे तुकडे आत ओढून आपल्या जनुकांत बसवतात. 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की मेलेल्या न्यूमोकोकसचा गुण जिवंतात उतरतो. उतरणारी वस्तू डीएनए आहे, हे 1944 मध्ये ॲव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं. लेकरांच्या नाकाघशात हेच चालतं. तिथे स्ट्रेप्टोकोकस मायटिससारखे सहसा त्रास न देणारे भाऊबंदही राहतात. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना पकडतं, त्यांच्या जनुकात न्यूमोकोकसनं या भाऊबंदांचे तुकडे जोडून घेतलेले सापडतात, गोधडीला ठिगळं लावावीत तसे. त्यानं पेनिसिलिनची पकड सैल होते.

भाच्याच्या प्लेटवर ऑक्सासिलिनची डिस्क, म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या औषधाची कागदी चकती, ठेवली होती. तिच्याभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मोजलं: 13 मिलिमीटर. 20 भरलं असतं तर निश्चिंत झाले असते. आणि अझिथ्रोमायसिनच्याच भाऊबंद औषधाच्या, एरिथ्रोमायसिनच्या, डिस्कला जंतू अगदी चिकटून वाढले होते, म्हणजे अझिथ्रोमायसिनही गेलं. मी पट्टी खाली ठेवली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. आधीच्या दोन खेपांनीच हे झालं असं एका प्लेटवरून म्हणता येत नाही. पण प्रत्येक अनावश्यक चमचा साधे जंतू मारतो आणि असल्यांना जागा मोकळी करून देतो, एवढं नक्की.

पकड सैल झाली तरी सुटलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या अमॉक्सिसिलिनचा डोस वाढवून दिला. कान बिघडवणारा दुसरा जंतू, हिमोफिलस, असता तर हे सरसकट चाललं नसतं. त्याच्यातले कित्येक जंतू औषधच तोडणारं एन्झाइम बनवतात. मग डोस वाढवून भागत नाही, जोडीला त्या एन्झाइमला अडवणारं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड द्यावं लागतं. घसा बिघडवणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस मात्र अजूनही पेनिसिलिनला वश आहे. कुठला जंतू आहे ते कळल्याशिवाय उरलेल्या बाटलीतून काय पाजणार?

कान सुकला, पडदाही भरून आला. परवा थोरला पुन्हा खोकायला लागला. वहिनीनं विचारलं, "ताई, काय देऊ?" म्हटलं, कोमट पाणी दे, आणि ताप चढला किंवा धाप लागली तर डॉक्टरांकडे ने. तिनं बाटली आणून माझ्या हातात दिली. बोटभर सिरप अजून तसंच होतं.