आंबोली घाटातला मे महिना

आंबोलीला लोक पावसात धबधब्यांसाठी जातात. मी मुद्दाम मेच्या मध्यावर गेले, कारण तेव्हा रान पिकलेलं असतं. चौकुळच्या वाटेवर करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या. देठ तुटला की पांढरा चीक बोटांना चिकटतो, ओठही चिकटतात, तरी हात थांबत नाही. मधूनच तोरणाची पांढरी फळं. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं, जेली सहज धरते. तरी बहुतेक फळ जाळीतच सुकून जातं.

घाट उतरून सावंतवाडीच्या अलीकडे एका वाडीत थांबलो. अंगणभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पसरलेले, हवेत आंबूस वास. काकू फळं फोडून सालं आणि बिया वेगळ्या करत होत्या. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी पुटं चढत गेली की आमसूल काळं आणि मऊ होतं. बियाही टाकत नाहीत. वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल थिजलं की मुठीत दाबून गोळे करायचे. हेच मुठेल. ते साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून जरा गरम करून चोळलं की टाचेच्या भेगेत छान जिरतं. काकूंनी माझ्या हातावर लावून दाखवलं.

अंगावर पित्त उठलं की इथे आमसुलाचं पाणी लावतात. कोकमातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाच्या नावाने वजन उतरवायच्या गोळ्या खपतात, पण माणसांवरच्या चाचण्यांत त्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. मला विचाराल तर कोकमाची खरी किंमत आगळात, म्हणजे त्याच्या खारवलेल्या रसात, आणि मुठेलात आहे.

जीव तुटतो तो नासाडी बघून. फळ पिकायला आणि वळीव यायला एकच गाठ पडते, ऊन गेलं की सालं वाळत नाहीत. ‘पाऊस इलो काय सगळां कुसतां,’ काकू म्हणाल्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण वाडीत साधं वाळवणयंत्र नाही. ते आधी यायला हवं.

दुसरी अडचण झाडाचीच. नर-मादी झाडं वेगळी. बी लावलं तर फळाची वाट बघत सात-आठ वर्षं काढायची, आणि निम्मी झाडं नर निघतात. मादी झाडाच्या काडीचं कलम केलं की हा जुगार टळतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात त्यासाठीच काकूंनी निवडली आहे. बांधावर खड्डे काढून झालेत, पाऊस लागला की कलमं लावणार आहेत.