तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं चर्च त्या चार गल्ल्या सोडून का जात नाही

मी ख्रिस्ती आहे आणि नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं) एका लहानशा मराठी चर्चची सभासद आहे हे कळलं की लोक साधारण एकच विचारतात, तुमच्या चर्चमध्ये नक्की मानतात काय, आणि तुम्ही लोक सारखं त्या चार गल्ल्यांमध्येच काय करत असता. ऑफिसमधली मैत्रीण विचारते, भाचीच्या सासरचे विचारतात, आणि रविवारी गाडी काढून लांबच्या मोठ्या चर्चला जाणारी आमचीच माणसं तर जास्तच विचारतात. दरवेळी चहा संपेपर्यंत जमेल तेवढं सांगते आणि निम्मं राहून जातं, म्हणून आज नीट बसून लिहिते.

आधी मानण्याचं. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, प्रोटेस्टंट. आमच्याकडे पोप नाहीत, समोर मूर्ती नसतात, साधा क्रूस असतो, पाळक (म्हणजे आमचे धर्मगुरू) लग्न करतात, बायकांनाही पाळक होता येतं. एवढं सांगितलं की लोकांना वाटतं कॅथलिक आणि आपण म्हणजे दोन वेगळे धर्म, पण तसं नाही हो, मुळातला विश्वास एकच आहे. रविवारी उपासनेत आम्ही सगळे उभे राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो, त्यात सगळं आलं. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू ख्रिस्त देवाचा पुत्र, माणूस होऊन जन्मला, पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या वेळी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. पापांची क्षमा आहे, आणि मेल्यानंतर सगळं संपत नाही. आणि ही क्षमा मिळते ती देवाच्या कृपेने, आपण किती चांगलं वागलो याच्या हिशेबाने नाही. हे मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं तेव्हा नुसतं पाठ होतं, आता मनापासून मानते, कारण हिशेबाने मिळायचं असतं तर मला कधीच मिळालं नसतं.

सीएनआय कसं झालं तेही थोडं सांगते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चेस एकत्र आल्या. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे होते (आमचे नगरकडचे पूर्वज यातले), मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स. आता यात मोठा प्रश्न बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या पाण्याच्या विधीचा. काही जण तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि बाप्टिस्ट, ब्रदरन म्हणणारे की माणसाने मोठं होऊन स्वतः विश्वास धरल्याशिवाय बाप्तिस्मा नाहीच. शेकडो वर्षांचा वाद आहे हा. तर त्यांनी ठरवलं की दोन्ही पद्धती चालतील, ज्या घराला जी पटते ती, आणि एकमेकांना कमी लेखायचं नाही. आमच्याकडे अजून तसंच आहे, एका घरातलं बाळ पाळकांच्या हातावर असतं, दुसऱ्या घरातलं फक्त समर्पण करून ठेवतात आणि पोरगं कळतं झालं की ते स्वतः सांगतं. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे. एकाच बाकावर बसायचं, मतं वेगळी ठेवायची आणि तरी बाक सोडून जायचं नाही, हे आम्ही आमच्या चर्चच्या जन्मापासून शिकलोय, आणि गल्लीत राहायला दुसरं काय लागतं सांगा.

आता गल्लीचं. येशूबद्दल बोलताना लोक चमत्कार सांगतात, डोंगरावरचं प्रवचन सांगतात, वधस्तंभ सांगतात, ते सगळं खरंच आहे, पण येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या शुभवर्तमानांपैकी एक लिहिणारा लूक सांगतो की त्याने कामाला सुरुवात केली तेव्हा तो साधारण तीस वर्षांचा होता. म्हणजे त्याआधीची जवळजवळ सगळी वर्षं तो नासरेथ नावाच्या एका लहान गावात राहिला, सुतारकाम केलं, आणि त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानात जवळपास काहीच लिहिलेलं नाही. गावातले लोक त्याला ओळखायचे ते मरीयेचा मुलगा, सुतार म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. देव माणूस होऊन आला आणि आयुष्याचा मोठा भाग त्याने कोणाच्या तरी शेजारी राहण्यात घालवला, कोणाची दारं बसवली असतील, कोणाच्या मयतीला गेला असेल. आमचं जे काही करणं आहे ते यातून येतं, समाजसेवा करायची म्हणून नाही. आमचे पाळकसाहेब चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावर बोलले होते तेही लक्षात राहिलंय. माझा शेजारी कोण असं एकाने विचारलं तेव्हा येशूने ती गोष्ट सांगितली, की लुटारूंनी मारून टाकलेल्या एका जखमी माणसाजवळून तिघे गेले आणि मदत केली ती तिसऱ्याने, परक्या समजल्या जाणाऱ्या शोमरोनी माणसाने. त्यात तो जखमी माणूस त्या तिघांच्या वाटेवरच पडलेला होता. शोधायला कोणालाच लांब जावं लागलं नाही, आधीचे दोघे त्याला बघूनच पुढे गेले.

पण आम्ही ख्रिस्ती लोक नेहमी असे नव्हतो, तेही सांगायला पाहिजे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं आणि १८३१ ला नगरला. मिशनरींनी इथे केलेलं काम मोठंच आहे, सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींना शिकवलं, सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. पण जे ख्रिस्ती झाले त्यांचं काय झालं, तर घरातून काढलं, गावाने टाकलं, मग राहणार कुठे, मिशन कंपाऊंडमध्ये. शाळा आत, चर्च आत, दवाखाना आत, लग्नं आतल्या आत. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता आणि त्या भिंतींनी आमच्या खापरपणज्यांना जगवलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र भिंतीची गरज संपल्यावरही सवय राहिली. माझ्या आजीच्या पिढीत बाहेरच्या लोकांशी संबंध म्हणजे दूधवाला, किराणावाला आणि नोकरीवरचे, एवढाच. कवी ना. वा. टिळकांना हे खटकलं होतं. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, बायको काही वर्षं दुरावली, नातलग तुटले, सगळं सोसलेला माणूस तो, आणि शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांत ते गेले त्यामुळे ते फार वाढलं नाही. त्यांची भजनं आम्ही दर रविवारी पेटी-तबल्यावर म्हणतो पण त्यांचं हे काम विसरलो, असं मला वाटतं.

तर आमच्या चर्चने काय केलं, आजूबाजूच्या गल्ल्या सभासदांनी वाटून घेतल्या. ख्रिस्ती घरं त्यात थोडीच आहेत. पद्मशाली आहेत, मुस्लिम आहेत, बौद्ध आहेत, मराठा आहेत, पुण्याला गेलेल्या पोरांचे एकटे राहिलेले आईबाप आहेत. वाटून घेतलं म्हणजे काय, तर त्या घरांची नावं माहीत पाहिजेत, कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोणाकडे गमी झालीय हे माहीत पाहिजे, आणि देवासमोर त्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची, ही सगळ्यात पहिली गोष्ट. गुरुवारच्या घरसभेत आम्ही हेच करतो. लोकांना वाटतं प्रार्थना म्हणजे काही न करता सुटका, पण ज्या माणसाचं नाव तुम्ही दर आठवड्याला देवासमोर घेता त्याच्या दारावरून नुसतं पुढे जाता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

मग बाकीचं त्यातूनच आलं. चर्चच्या मागच्या खोलीत संध्याकाळी अभ्यासिका चालते. बऱ्याच पोरांच्या आया घरी विड्या वळतात, एका खोलीत विड्यांचं सूप, पानं, तंबाखू, त्यातच टीव्ही, मग पोरगं बसणार कुठे अभ्यासाला. इथे लाइट आहे, पंखा आहे, शांतता आहे, आणि गणित शिकवायला आमच्यातल्या दोन निवृत्त बाई आहेत. कोणाच्या घरी मयत झाली की पहिल्या दिवशीचा चहा आणि संध्याकाळचं पिठलं-भाकरी आमच्या महिला मंडळाकडून जातं, घर कोणाचंही असो. कोविडमध्ये डबे दिले तेव्हा गल्लीतल्या मुस्लिम पोरांनी सायकलवर पोचवले, आमच्याकडे तेवढी तरणी माणसं नव्हतीच.

आणि सुगीचा सण! हा आमच्या मराठी चर्चेसमधला मोठा सण आहे. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं, घरातलं जे असेल ते देवाला आणतात, ज्वारी, शेवग्याच्या शेंगा, भोपळे, अंडी, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या, कोणी शिवलेल्या गोधड्या, ते सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाली की अंगणात लिलाव. पूर्वी हा आमचा आमच्यात व्हायचा. आता फाटक उघडं ठेवतो आणि अख्खी गल्ली बोली लावायला येते, कोंबडीवरून तर अशी चढाओढ लागते की बाजारभावाच्या चौपट जाते आणि घेणारा ती परत लिलावाला देतो. समोरचे किराणावाले काका दरवर्षी स्वतःहून गूळ पाठवतात. ते पैसे पोरांच्या परीक्षा फीला जातात आणि हिशेब फाटकाच्या बोर्डावर लागतो.

आता तो प्रश्न, जो काही जण स्पष्ट विचारतात आणि काही जण विचारत नाहीत पण डोळ्यात असतो. हे सगळं धर्मांतरासाठी करता का? सरळ उत्तर देते. गल्लीतल्या लोकांना येशू कळावा असं मला वाटतं का, तर हो, वाटतं, खोटं कशाला बोलू, मला जे सगळ्यात मोलाचं मिळालं ते दुसऱ्याला मिळू नये असं कसं वाटेल. घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क आहेच. पण अभ्यासिकेत प्रार्थना होत नाही, बायबलची पुस्तिका वाटली जात नाही, डब्यासोबत पत्रक जात नाही, मदत घेतलेल्याचा फोटो काढला जात नाही. हे पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, ठरवलंय. कोणी आपणहून विचारलं तर पोटभर सांगतो. यावरून आमच्यात वाद झालेत बरं का, आमचे एक ज्येष्ठ सभासद अजूनही म्हणतात की प्रभूचं नावच घ्यायचं नाही तर मग साक्ष कसली, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. पण मला लूकमधले दहा कुष्ठरोगी आठवतात. येशूने दहाही बरे केले, आभार मानायला एकच परत आला, आणि बाकीच्या नऊ जणांचं बरेपण येशूने काढून घेतलं नाही. मदतीला अट लावली की ती सौदा होते आणि कृपेवर विश्वास ठेवणाऱ्याने सौदा करू नये.

जातीचंही बोलते, कारण त्याबद्दल आम्ही गप्प बसतो. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले, थोडे ब्राह्मण आणि इतर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, म्हणजे भोगायला जात आहे आणि कागदावर नाही. चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, सगळे एका रांगेत गुडघे टेकतात, एकाच भाकरीतला तुकडा घेतात, आणि ज्यांच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट होती ते मला सांगताना भरून येतं. तरी सोयरिकीच्या वेळी ‘मूळचे कोण’ हा प्रश्न आमच्यातही कुजबुजत विचारतात. ते पाप आहे, आणि आमचे पाळकसाहेब व्यासपीठावरून तसंच म्हणतात.

मोठ्या चर्चबद्दल विचारता, तर माझा त्यांना विरोध नाही, तिथलं गाणं ऐकून मलाही रडू आलंय. आमच्याकडे पार्किंग नाही, गाणारी चार माणसं, त्यातले दोन दम्याचे. मध्यंतरी कमिटीत विषय निघाला होता की निम्मे सभासद सावेडी उपनगराकडे राहायला गेलेत, तर चर्चही तिकडेच न्यावं, प्लॉट बघावा. बोलणारे सगळे चर्चवर प्रेम करणारेच होते. पण मग अभ्यासिकेतल्या पोरांचं काय, आणि ज्या एकट्या आजीच्या घरी रोज सकाळी कोणीतरी डोकावतं तिचं काय, यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि मतदान न करताच विषय थांबला. आता सावेडीच्या लोकांसाठी तिकडे एका घरी बुधवारी प्रार्थना सुरू करायचं चाललंय. मी त्याच्या बाजूने आहे, फक्त एवढं म्हणाले की तिकडेही आधी बिल्डिंगमधल्या लोकांची नावं लिहून काढा, वॉचमनपासून सुरुवात करा. कोण लिहिणार ते पुढच्या मीटिंगला ठरेल.